सूर्याची वीज आणि तारांचा खर्च



आजचा विषय ऐकताना काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. सूर्य आणि वारा यांपासून निर्माण होणारी वीज देशाच्या विद्युत्-जालात सामावून घेण्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते, तो कोठून येतो, कशावर जातो आणि त्याचा भार अखेर कोणाच्या माथी पडतो, हा तो विषय होय. सौर पटलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. पुढारी मंडळी त्यांच्यासमोर कौतुकाने उभी राहतात. उपकेंद्राचे वा मनोऱ्याचे छायाचित्र मात्र कोणी हौसेने काढीत नाही. परंतु या साऱ्या उद्योगाचे यशापयश ठरते ते त्या मनोऱ्यांवर आणि तारांवरच. शिवाय त्या तारा बेळगाव-धारवाडच्या, माळव्याच्या आणि गुजरातच्या शिवारांवरूनच जात असल्यामुळे, हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही.

माझ्या वर्गात एका मुलीने मध्यंतरी विचारले, "बाई, सूर्य तर कोणाला बिल पाठवीत नाही, मग सौर विजेचे बिल का यावे?" प्रश्न बालिश नाही. विहिरीचे पाणीही फुकटच असते. पण रहाट, दोर आणि ते घरापर्यंत आणण्याचे श्रम फुकट नसतात. विजेच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. पाणी रांजणात भरून ठेवता येते. वीज तशी सहजासहजी भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती वापरावयाची त्याच क्षणी ती कोठे तरी निर्माण व्हावी लागते, आणि निर्मिती व वापर यांचा हा मेळ अहोरात्र, क्षणोक्षणी राखावा लागतो.

हा मेळ कसा राखला जातो हे समजण्यासाठी आपले जुने दगडी जाते डोळ्यांपुढे आणा. दोघीजणी खुंट्याला हात घालून दळत असल्या की जाते एका लयीत फिरते. एकीने हात सैल सोडला तर दुसरीला तात्काळ जड जाते आणि फेरा मंदावतो. आपल्या देशाच्या विद्युत्-जालाची लय सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. वापर वाढला आणि निर्मिती अपुरी पडली की ही आवर्तने किंचित घटतात. उलट झाले की वाढतात. औष्णिक आणि जलविद्युत् केंद्रांतील अवजड चक्रे म्हणजे त्या जात्याची तळी. एखाद्याने हात काढला तरी ती काही क्षण आपल्या वजनाने फिरत राहतात आणि सावरण्यास अवधी देतात. सौर पटलाला असे फिरते वजन नाही. ढग आला की त्याचा हात सुटतो, ढग गेला की तो पुन्हा जोराने खुंटा धरतो. अशा गड्याला जात्यावर बसवावयाचे तर बाकीची मांडणी अधिक भक्कम करणे प्राप्त आहे.

मांडणी कच्ची राहिली तर काय होते, हे ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. ३० जुलै २०१२ रोजी मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरील संरक्षक यंत्रणेने वाहिनी तोडली. त्या मार्गाची जोडवाहिनी सुधारणेच्या कामासाठी दोन दिवस आधीपासून बंद होती. साहजिकच उरलेल्या एकीवर भार फार वाढला होता. हा वाढलेला भार म्हणजे बिघाड होय, असे यंत्रणेने मानले. पाठोपाठ एकामागून एक वाहिन्या सुटत गेल्या आणि संपूर्ण उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, भर दुपारी तीच वाहिनी पुन्हा तुटली आणि या खेपेस उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. सुमारे ६० कोटी लोकांच्या घरांतील वीज त्या दिवशी गेली. त्या प्रसंगी सौर किंवा पवन वीज हे कारण नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. तिच्यावर तो आळ घेणे अन्यायाचे ठरेल. वीज निर्माण करणारी केंद्रे असूनही तिला वाट अपुरी असली तर काय होते, एवढेच त्यावरून दिसले. चौकशी समितीनेही प्रदेशाप्रदेशांमधील दुबळ्या मार्गांवर, त्या मार्गांवरील अतिरिक्त भारावर आणि भार वेळीच न घटविणाऱ्या राज्यांच्या केंद्रांवर बोट ठेवले होते.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाल उर्वरित देशाशी एका लयीत जोडले गेले. तोपर्यंत चंद्रपूरजवळच्या भद्रावतीसारख्या ठिकाणी विशिष्ट यंत्रांच्या द्वारे दक्षिणेशी मोजका व्यवहार होत असे. सोलापूरची ही वाहिनी म्हणजे केवढी मोठी घटना होती, याची जाणीव खुद्द सोलापुरातही किती जणांना असेल, मला शंका आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सारी यंत्रे त्या दिवसापासून एका तालावर फिरू लागली.

आता सूर्याकडे वळू. ऊन जेथे मुबलक, जमीन जेथे माळरानाची, वारा जेथे वाहता, तेथे कारखाने आणि शहरे बहुधा नसतात. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले ते वारंवार अवर्षण पडणाऱ्या मुलखात. तेथील शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या नाहीत, खंडाने दिल्या. आरंभी एकरी वर्षाला २१,००० रुपये असा तो खंड होता. मध्य प्रदेशात रेवा येथे ७५० मेगावॅटचा प्रकल्प झाला. २०१७च्या लिलावात त्याच्या विजेचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला आणि त्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा दिल्लीची मेट्रो घेते. रेव्यातील ऊन दिल्लीतील आगगाडी ओढते, ही गोष्ट ऐकावयास मोठी रम्य आहे. पण त्या दोहोंमधील शेकडो किलोमीटरची वाट कोणी तरी बांधावी लागली आणि तिचे पैसे कोणी तरी भरावे लागले.

या वाटेसाठी केंद्र सरकारने जी योजना आखली तिचे नाव 'हरित ऊर्जा मार्गिका'. राज्यांतर्गत वाहिन्यांचा तिचा पहिला टप्पा २०१५ मध्ये मंजूर झाला. खर्च सुमारे १०,१४१ कोटी रुपये. आठ राज्ये त्यात होती: तामिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश. म्हणजे बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर ही आपली जुनी ठाणी या यादीत आली. गोवा आले नाही. खर्चाची वाटणी अशी होती: शंभरांतील ४० रुपये केंद्राचे अनुदान, ४० रुपये केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी विकास बँकेचे सवलतीचे कर्ज आणि उरलेले २० रुपये राज्याचे स्वतःचे भांडवल.

येथे थोडे थांबून हिशेब समजून घेणे इष्ट आहे, कारण सर्वसामान्य ग्राहकाचा संबंध नेमका येथेच येतो. पारेषण कंपनी जेव्हा एखादे उपकेंद्र बांधते तेव्हा त्याची किंमत, कर्जावरील व्याज, घसारा आणि भांडवलावरील परतावा हे सारे वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने ग्राहकांच्या दरात उतरते. शंभर रुपयांचे उपकेंद्र असेल तर शंभर रुपयांवरचा हा भार तीसपस्तीस वर्षे आपण बिलातून फेडीत राहतो. सरकारने त्यांतील ४० रुपये अनुदान म्हणून दिले की त्या रकमेवर व्याज, घसारा, परतावा यांपैकी काहीच आकारता येत नाही. साठ रुपयांचाच बोजा उरतो. म्हणजे हे अनुदान कंपनीच्या तिजोरीत जात असले तरी त्याचा हेतू बिल हलके करण्याचा आहे. कंपन्यांना सरकार फुकट पैसे वाटते अशी तक्रार चहाच्या दुकानांत ऐकू येते, ती या बाबतीत तरी बरोबर नाही.

मात्र ते ४० रुपये आले कोठून, हेही विचारले पाहिजे. ते आले राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीतून, आणि तो निधी भरला कोळशाने! २०१० साली दगडी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसविण्यात आला. वाढत वाढत तो २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. कोळसा जाळून वीज करणाऱ्याने तो भरावयाचा आणि ग्राहकाकडून वसूल करावयाचा. अर्थात् एका खिशातील पैसा दुसऱ्या खिशात गेला. पण काळ्या धंद्यावरचा कर पांढऱ्या कामाला लागला, ही कल्पना मला मनापासून पटली होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि कोळशावरचा उपकर राज्यांची महसुली तूट भरून देण्याच्या कामी वळविण्यात आला. ज्या नावाने पैसा गोळा करावा त्या कामाला तो लावावा, ही अपेक्षा आमच्या शाळेच्या सहलीच्या वर्गणीलाही लागू असते.

दुसरा टप्पा जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झाला. रक्कम १२,०३१ कोटी, लांबी १०,७५० सर्किट किलोमीटर, राज्ये सात, आणि केंद्राचा वाटा ४० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला. कर्नाटक आणि गुजरात या टप्प्यातही आहेत. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश नाहीत.

याखेरीज एक छुपे साहाय्य आहे, त्याची चर्चा क्वचितच होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचे जे शुल्क असते, ते ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेला माफ करण्यात आले. त्यानंतरच्या प्रकल्पांना ते टप्प्याटप्प्याने लागू होते. हे साहाय्य अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण सरकार त्यासाठी एक पैसाही देत नाही. शुल्क माफ झाले म्हणून तारांचा खर्च काही नाहीसा होत नाही. त्या तारा वापरणाऱ्या इतरांवर तो वाटला जातो. नवा धंदा पायावर उभा राहीपर्यंत असा आधार देण्यास हरकत नाही. परंतु उघड अनुदान आणि अशी माफी यांत निवड करावयाची झाली तर मी उघड अनुदान पसंत करीन. त्याची विधिमंडळात, संसदेत चर्चा होते, आकडा छापला जातो, आणि भार श्रीमंत-गरीब पाहून बसविलेल्या करांतून निदान काही अंशी तरी उचलला जातो.

पैसा मंजूर झाला म्हणजे तार उभी राहिली असे नव्हे. पहिल्या टप्प्याची मूळ मुदत २०२० ची होती; ती वाढवावी लागली, पुन्हा वाढवावी लागली. राजस्थान, तामिळनाडू आणि मध्य प्रदेश यांनी आपली कामे पूर्ण केली, काही राज्ये मागे रेंगाळली. वनखात्याच्या परवानग्या, जागेचे तंटे, कंत्राटदारांची ओढाताण ही कारणे नेहमीचीच. घोटाळा असा आहे की सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि मोठ्या वाहिनीला त्याच्या दुप्पट काळ लागतो. नवरी दारात आणि मांडव अजून बाजारात, अशी ही अवस्था. २०२५ मध्ये राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या असल्यामुळे ऐन दुपारी सौर प्रकल्पांना वीज रोखून धरण्याचे आदेश द्यावे लागले. लख्ख ऊन, चालू यंत्रे, आणि वीज मात्र वाया. म्हणून अनुदानाचा क्रम बदलावा असे माझे मत आहे: आधी तार, मागून पटले. कच्छमधील खावडा येथे जे विस्तीर्ण ऊर्जाक्षेत्र वसत आहे, त्याची वीज थेट नागपूरपर्यंत नेण्यासाठी ८०० किलोव्होल्टची, ६,००० मेगावॅट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी हाती घेण्यात आली आहे. लडाखमधून हरियाणातील कैथलपर्यंत ७१३ किलोमीटरची वाहिनी बांधण्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. या दुसऱ्या कामाचा खर्च २०,७७३ कोटी रुपये असून त्याचे ४० टक्के केंद्र देणार आहे. अशी कामे एक वर्ष लांबली तरी त्या वर्षाच्या व्याजाचा आकडाच डोळे दिपविणारा होईल.

तारेने जागेचा प्रश्न सुटतो. वेळेचा सुटत नाही. सूर्य मावळतो सहा-साडेसहाला आणि घरोघरचे दिवे, पंखे, दूरदर्शन संच लागतात त्यानंतर. हा सायंकाळचा प्रहर फार कसोटीचा. वडोदऱ्यात गोत्री येथे गुजरातचे राज्य भारप्रेषण केंद्र आहे. उद्या ऊन किती पडेल, वारा किती वाहील याचा अदमास घेऊन त्याप्रमाणे इतर केंद्रांना सूचना देण्याची व्यवस्था अशा ठिकाणी केंद्राच्या पैशाने करण्यात आली आहे. हवामानाचा अंदाज आता शेतकऱ्याइतकाच वीजवाल्यालाही हवा असतो! अंदाज हुकला तर धावून येते ते पाणी. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर चढली. तो झोका सावरला तो मुख्यतः जलविद्युत् केंद्रांनी. धरणाचे दार जितक्या झटपट उघडते-मिटते तितक्या झटपट कोळशाची भट्टी पेटत वा विझत नाही.

याच कारणाने, दुपारच्या सौर विजेवर पाणी वर चढवावे आणि सायंकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करावी, ही युक्ती फार मोलाची आहे. टाटांच्या भिरा केंद्रात आणि सह्याद्रीतील घाटघर येथे ती प्रत्यक्ष चालते. सरदार सरोवराच्या नदीपात्रातील १,२०० मेगावॅटचे वीजगृह याच हेतूने उलट फिरणाऱ्या यंत्रांचे बांधले गेले. पण पाणी परत उपसण्यासाठी खालच्या अंगाला जो साठा हवा त्याचा बंधारा लांबला, आणि वर्षानुवर्षे ती यंत्रे एकाच दिशेने फिरत राहिली. गुजरातेतीलच कडाणा येथील २४० मेगावॅटच्या यंत्रांचीही उपसण्याची बाजू दीर्घकाळ बंद राहिली. नव्या प्रकल्पांच्या पायाभरणीचा समारंभ करण्यापूर्वी अशी बांधून ठेवलेली यंत्रे पुऱ्या क्षमतेने चालविणे हे सर्वांत स्वस्त काम ठरावे. बॅटऱ्यांसाठीही सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने योजना मंजूर केली. ४,००० मेगावॅट-तास साठवणीच्या भांडवली खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा देण्याची तीत तरतूद होती.

वेळेचा प्रश्न सोडविण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे मागणीच दिवसाकडे सरकविणे. आपल्याकडे शेतीपंपांना रात्रीची वीज देण्याची रीत पडली, ती दिवसा वीज पुरत नसे म्हणून. रात्री बाराला बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची पर्वा न करता, ऊस पाजावयास जाणारा शेतकरी बेळगाव भागात कोणी पाहिला नाही? आता दुपारी वीज मुबलक असताना ही रीत चालू ठेवण्यास कसलेही समर्थन नाही. परंतु दिवसा सारे पंप एकदम चालले तर गावाकडच्या लहान वाहिन्या तो भार सोसत नाहीत. त्या वाढवाव्या लागतात. गुजरातने ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केलेल्या किसान सूर्योदय योजनेत या पारेषण-कामांसाठीच ३,५०० कोटी रुपये ठेवले होते. मला विचाराल तर मोठ्या मार्गिकांपेक्षा या खर्चाचे समाधान अधिक वाटते. त्यामुळे शेतकऱ्याची झोप त्याला परत मिळते.

पैशांत न मोजता येणारा खर्चही आहे. धारवाडजवळच्या नरेंद्र येथून गोव्यात सांगोडकडे येणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी मोलेच्या अरण्यातून नेण्याचे ठरले तेव्हा गोव्यातील तरुण मुलामुलींनी २०२० मध्ये तीव्र विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय समितीने एप्रिल २०२१ मध्ये, नवे जंगल तोडण्याऐवजी जुन्या २२० किलोव्होल्टच्या वाहिनीची आधीच मोकळी असलेली पट्टी वापरावी, अशी शिफारस केली. गोव्याला वीज नको होती असे नाही. तिला दुसरी वाट होती आणि ती आधी शोधली गेली नव्हती. राजस्थान आणि गुजरातच्या माळांवर प्रश्न आला तो माळढोकाचा. एके काळी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर सहज दिसणारा हा जड पक्षी समोरची तार वेळीच पाहू शकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. भूमिगत तार कित्येक पटींनी महाग पडते, हे खरे. पण तो खर्च अनुदानाच्या हिशेबात आरंभापासूनच धरला असता तर न्यायालयाच्या पायऱ्या कोणालाच चढाव्या लागल्या नसत्या.

शेवटी, ज्यांच्या शेतात मनोरा उभा राहतो त्यांच्याविषयी. रेल्वेसाठी वा कालव्यासाठी जशी जमीन संपादन होते तशी वाहिनीसाठी होत नाही. मूळच्या १८८५ सालच्या तारायंत्र कायद्यातील अधिकार २००३च्या वीज कायद्याने वाहिन्या टाकणाऱ्यांना देता येऊ लागले. जमीन मालकाचीच राहते, पण मनोऱ्याच्या पायथ्याची जागा गुंतते आणि तारांखाली उंच झाड वा घर करता येत नाही. पूर्वी भरपाई मिळे ती उभ्या पिकाच्या आणि झाडांच्या नुकसानीपुरती. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी पायथ्याच्या जागेसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्टीसाठी १५ टक्क्यांपर्यंत भरपाई सुचविली. जून २०२४ मध्ये हे प्रमाण पायथ्यासाठी २०० टक्के आणि पट्टीसाठी ३० टक्के करण्यात आले. वाढ चांगली आहे. परंतु या केंद्राच्या सूचना आहेत. त्या राज्याने स्वीकाराव्या लागतात, आणि दोनशे टक्के म्हणजे कशाच्या दोनशे टक्के, हा प्रश्न उरतोच. किंमत ठरवितात जिल्हाधिकारी, सरकारी दरांच्या आधारे. गुजरातेत त्याला जंत्री म्हणतात, मध्य प्रदेशात गाइडलाइन, कर्नाटकात मार्गदर्शक मूल्य. आणि बाजारातील भाव पुष्कळ ठिकाणी त्याहून बराच वर असतो. ज्यांच्या शिवारात आखणीचे दगड पडले असतील त्यांनी काम सुरू होण्यापूर्वीच तलाठ्याकडे वा पटवाऱ्याकडे जाऊन आपल्या गट क्रमांकाचा सरकारी दर कागदावर मागून घ्यावा, शेजाऱ्यांचाही पाहावा, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहावे.